मामांनी न केलेली सही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेतल्या छापखान्यात आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत होते. सिद्राममामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. जेवायला बसता बसता गेले. पाच महिने मी त्यांच्याशी बोलले नव्हते... हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला गुणी भाची समजणार नाही.

मामा हॉटेलांतले आणि फरसाण कारखान्यांतले गॅसचे फ्रायर दुरुस्त करायचे. फ्रायर पेटतो आणि चार सेकंदांत विझतो, अशी तक्रार आली की बाकीचे मिस्त्री थेट गॅसचा व्हॉल्व्ह बदलायला काढत. मामा आधी ज्योत ओळखणारी बारीक सळई काढून पॉलिश पेपरनं घासत. काजळी गेली की बहुतेक वेळा ज्योत टिके. "शिंक आली म्हणून नाक बदलतंय व्हय कोन?" म्हणत आणि स्वतःच हसत.

भांडण झालं ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यावरून. तेल फार तापलं की गॅस तोडणारी कळ तिथल्या मालकानं तार जोडून डायरेक्ट केली होती, म्हणजे ती असून नसल्यासारखी. का, तर ती सारखी गॅस तोडते, माल अडतो. मामांनी तार काढली आणि खरा दोष शोधला. तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर जळक्या तेलाचा जाड थर होता. तेल कधीच दोनशेच्या वर गेलेलं, आणि सेन्सर सांगतोय एकशे ऐंशी. "कळ खरं बोलत हुती," मामा आमच्याकडं चहा पिताना म्हणाले, "तिचंच तोंड बांदलं लेकांनी."

मी म्हटलं, हे लिहून सही करून द्या, मी तक्रार करते. त्या तेलापाशी दिवसभर बाया उभ्या असतात.

"अव्वा," ते म्हणाले. लाडात आले की कानडीतली ही हाक मारायचे. "सही केली की मला आत कोन घेतंय? मग फ्रायरचं झाकण कोन उघडायचं?"

"म्हणजे तुम्ही भिता."

"व्हय. भितो की."

पुढच्या पत्रकात मी लिहिलं, धोका बघून गप्प बसणारा मिस्त्री मालकाइतकाच दोषी. नाव नव्हतं, पण घरात सगळ्यांना कळलं. मामा यायचे थांबले. मीही गेले नाही.

त्यांनी सही करायला हवी होती, हे मी आजही म्हणते. माणूस गेला म्हणून त्याची चूक बरोबर ठरत नाही. पण त्या चुकीवरून भांडायला तो माणूस समोर लागतो... तो आता कुठून आणू?

गेल्या आठवड्यात त्याच कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. जेवणाच्या सुट्टीत फ्रायरवर काम करणारी सुवर्णा बाहेर आली. "तुमी मामांची भाची न्हवं? तुमचं ते पत्रक मामांनी आमाला वाचून दाकवलं."

"सगळं?"

"मिस्त्रीवरचं पन. म्हनले, पोरीनं बरोबर लिवलंय. मग तेलात थर्मामीटर कसा धरायचा, फ्रायरवरच्या काट्याशी कसा जुळवायचा, ते शिकवलं. जुळला न्हाय तर गॅस बंद करायचा, मालकाला इचारायचं न्हाय."

मामांच्या पश्चात नवा मिस्त्री आला आणि पुन्हा तार जोडून गेला. बायांनी थर्मामीटर धरला. काटा एकशे ऐंशीवर, थर्मामीटर दोनशे वीसवर. त्यांनी गॅस बंद केला आणि सगळ्या पायरीवर जाऊन बसल्या.

"मालक?"

"वरडला की. दुपारपत्तोर वरडला. मग तार काडायला लावली."

मामांना फोन करावा, असं इतकं वाटलं, की हात पर्सकडं गेला.

सुवर्णानं आत जाऊन थर्मामीटर आणला. लांब दांड्याचा, तेलकट. एकशे ऐंशीवर मामांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, नक्की मामींच्या बाटलीतला. "घरी ठिवायला पायजे का?" तिनं विचारलं.

पाहिजे होता. फार पाहिजे होता... थोडा वेळ हातात धरला. मग सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि मी तो तिला परत दिला.