गाडीचं गाव

देवणीचा बैल तो देवणी, कंधारचा तो कंधारी, अन् खैरग्याची गाडी ती खैरगी. आमच्याकडं चांगल्या जिनसाला गावाचंच नाव लागायचं. निलंग्याच्या बाजारात एखादा नुसतं म्हणायचा, "खैरगी हाय माझी," अन् समोरचा पुढं काही विचारायचा न्हाई. बाभळीचं चाक, वर लोखंडी धाव, अन् आखावर चाक इतकंच ढिलं ठेवलेलं, की चालताना खुळुक खुळुक वाजावं. भाकरी थापता थापता बाया ओळखायच्या, "आली बगा खैरगी."

शेषेराव पांचाळ हा तिथला शेवटला गाडी करणारा. गाव त्याला शेषआप्पा म्हणायचं. हात नेक, तोंड फटकळ. कुणी घाई केली की म्हणायचा, "लेकरू नऊ महिने थांबतंय पोटात, तुला चार दिस दम न्हाई व्हय?" पण नवी गाडी दारातून निघाली की मागं मागं शिवेपर्यंत जायचा, अन् आवाज विरंपर्यंत बांधावर कान देऊन उभा राहायचा.

मग भूकंप झाला. गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव दगडमातीखाली गेलं. मढी काढली, पण जाळायला लाकूड पुरंना. आप्पानं कुऱ्हाड घेतली अन् आधी स्वतःच्या दारची गाडी फोडली. ते बघून बाकीच्यांनी आपापल्या आणल्या. खैरग्याच्या गाड्या खैरग्याच्याच माणसांखाली जळाल्या. आप्पाची बायको केवळाबाईबी भूकंपात गेली, अन् त्याच लाकडावर जळाली. पुढं तो ह्याच्यावर कधी बोलला न्हाई, अन् कुणी काढलंबी न्हाई.

नवं गाव वसलं ते सिमेंटचं. रस्ते सरळ, घरं एकासारखी एक. ट्रॅक्टर आले, गाडी करायला टाकणारा कोण? लेकानं लातुरात खोली केली, त्याच्या मागं आप्पा आला. लातुरात तव्हा गल्लोगल्ली कोचिंग निघून राहिले होते. किनवटची, देगलूरची पोरं डॉक्टर व्हायला यायची अन् त्यांना बसायला बाक लागायचे. आप्पा बाक करू लागला. काम चोख, पण म्हणायचा, "ह्याला काय आवाज असतोय व्हय?" त्याला एकच आस लागून राहिली होती. मरायच्या आधी एकदा, आपण न सांगता, कुणाच्या तरी तोंडून 'खैरगी' ऐकावं. अन् इथं घरातलीच नात, पुनम, कुणी गाव विचारलं की "लातूर" म्हणून मोकळी व्हायची. आप्पाला ते काट्यासारखं सलायचं.

एकदा तो पुनमच्याच क्लासात मोडका बाक ठोकत होता. इंग्रजीला नांदेडचे आलोक सर होते. त्यांच्या तासाला पोरं बायोलॉजी वाचायची, त्यामुळं सर बोलायला माणूसच शोधायचे.

"मामा, पहिल्यापासून बाकच करता का?"

"न्हाई सर. बैलगाड्या करायचो."

सर खुशीत आले. "मग हे कोचिंग तुमच्याच घरचं की! कोच म्हणजे मुळात गाडी. तिकडं युरोपात, हंगेरीत, कोच नावाचं खेडं आहे. तिथल्या सुतारांची गाडी अशी नामी, की लोक तिला कोचची म्हणून 'कोची'च म्हणायचे. फिरत फिरत तो शब्द इंग्रजांकडं गेला. घोडागाडी कोच झाली, रेल्वेचा डबा कोच झाला. मग तिथल्या कॉलेजातली पोरं थट्टेनं शिकवणी घेणाऱ्या मास्तरालाच कोच म्हणू लागली. परीक्षेच्या पार नेऊन सोडतो, म्हणजे गाडीच ना!"

आप्पाचा हातोडा थांबला.

"गाव हाय का ते अजून?"

"आहे की."

"अन् गाड्या?"

"आता कुठल्या गाड्या, मामा? शब्द राहिला."

आप्पानं खिडकीतून खाली बघितलं. गल्लीभर पाट्या. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कोचिंग अन् कोचिंग.

"कुठला कोण सुतार," तो म्हणाला, "त्याच्या गावाचं नाव माझ्या गल्लीत. अन् आमचं..." पुढचं त्यानं खिळ्यावर काढलं.

रात्री जेवताना त्यानं पुनमला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, हे नीटच्या पेपरला येत न्हाई."

"मग काय येतंय?"

"बेडकाचं काळीज."

"तर मग बेडूकच खा," म्हणून आप्पा ताटावरून उठला.

पण पोरीच्या डोक्यात ते कुठंतरी रुतलं असावं. पुढं काही दिवसांनी आप्पा क्लासाच्या जिन्याखाली नवे बाक उतरवत होता. पंचशीला नावाची किनवटची एक पोरगी नवीनच आली होती. तिनं पुनमला विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?"

आप्पा वाकलेला होता, तसाच राहिला.

पुनम जराशी घुटमळली. "खैरगा."

"कुठं आलं ते?"

पुनमनं आज्याकडं बघितलं. गावाचं कुणीतरी आपणहून विचारलं, अन् ते कुठं आलं हे आप्पाला सांगता येईना. जुनं गाव बाभळीच्या रानात बुजलेलं, अन् नवं त्यानं कधी आपलं म्हटलंच नव्हतं.

"गाडीचं गाव हाय, माय," तो म्हणाला. "आमच्या गाडीला लोक खैरगी म्हणायचे."

"हाय का एखादी? मला बघायचीय."

"न्हाई. जाळल्या."

"जाळल्या? कामून?"

आप्पा बाकावरचा भुसा हातानं झाडत बसला. उत्तर पुनमनं दिलं. "माझ्या आज्जीला लागल्या."

हे आप्पानं तिला कधी सांगितलं नव्हतं. बापानं सांगितलं असंल.

घंटी झाली. दोघी जिना चढून गेल्या, मागून पोरांचा लोंढा चढला. वर पंचशीला काहीतरी विचारत होती अन् पुनम सांगत होती, पण त्यात 'खैरगी' आलं का न्हाई, ते चपलांच्या दणदणाटात कळंना. आप्पा खाली बाकाला टेकून, मान तिरपी करून उभा राहिला. पूर्वी बांधावर उभा राहायचा, तसाच. मग वरचं दार लागलं. तरी तो हलला न्हाई.