वडिलांच्या नावावर गेलेला लेख

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूला, हेब्बाळच्या एका संशोधन संस्थेत प्रबंधांची भाषा तपासायची. निपाणीची असल्याने कन्नड येत होतं. विद्यार्थी मला अक्का म्हणत आणि मन मोकळं करत.

त्यांतली एक आनेकलची. तिच्या प्रबंधावर परीक्षकांनी शेरा मारला की, यातला एक छापील लेख दुसऱ्याच कुणाचा आहे, हिने तो स्वतःचा म्हणून दाखवलाय. तिची तोंडी परीक्षा थांबली.

लेख तिचाच होता. पण तिला आडनाव नव्हतं. इकडच्या रीतीने नावाआधी गावाचं आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, एवढंच. परदेशी नियतकालिकाने आडनाव मागितलं, तेव्हा तिने वडिलांचं नाव कळवलं. छापताना तेच पुढे आलं आणि तिचं नुसतं अक्षर उरलं.

"अप्पा रेशमाचे किडे पाळतात, अक्का," ती हसून म्हणाली, पण डोळे भरून आले होते. "त्यांनी कधी लिहिला हा लेख?"

मी तिला विभागप्रमुखांकडे नेलं. तिचा कच्चा खर्डा आणि छापील लेख त्यांनी शेजारी ठेवून वाचले.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "परीक्षकांना मी कळवतो. पण उद्या दुसरीवर हीच पाळी येईल. आपण नियमच लिहून काढू."

दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं बसायचो. सरांचं म्हणणं, नावांबाबत परदेशात चालतं तेच ठेवावं.

"सर, नाव ज्याचं त्यालाच विचारू या ना," ती म्हणाली. "तो लिहितो तसं छापायचं."

सरांनी तोच पहिला नियम केला. पुढे कन्नड पुस्तकांचे संदर्भ कसे द्यावेत, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर कसं सांगावं, असं करत एक पातळशी पुस्तिका झाली. इतर विभागही ती मागून नेऊ लागले.

तोंडी परीक्षा छान झाली. त्या दिवशी तिचे वडील आनेकलहून बसने आले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. तिने त्यांना सगळा घोटाळा समजावला.

"म्हणजे माझं नाव काढलं?" त्यांनी विचारलं.

"प्रबंधात दुरुस्त केलं, अप्पा. जुना अंक आहे तसाच राहणार."

"मग तो मला दे," ते म्हणाले. अंक टॉवेलात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवला, आणि सर त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेले.