क्रेनवाल्या काकांची खिडकी

काकांनी मला पहिल्यांदा हाक मारली, तीच अंगावर आल्यासारखी. "ए बाई, थांब!"

मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली एक जादा ब्रेक ठेवायचा आणि जीव मुठीत धरून हसतमुख राहायचं, हा माझा धंदा. त्या दिवशी एका नवशिक्या बाईंना गल्लीत गाडी मागे घ्यायला शिकवत होते. मागे सुऱ्यांना धार लावणारा आपलं चाक मांडून बसला होता. तो मला आरशात दिसला होता, पाय ब्रेकवर होता आणि मी गाडी थांबवलीही. पण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तो आवाज आला आणि माझ्या बाई इतक्या दचकल्या की स्टिअरिंग सोडून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

माझं डोकं फिरलं. मान बाहेर काढून मी वर ओरडले, "गाडी माझी, ब्रेक माझा. तुम्हाला कोणी विचारलं?"

खिडकी धाडकन बंद झाली. मला वाटलं, मिटलं. पण थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजल्या आणि काका स्वतः खाली आले. सगळी गल्ली हातातलं काम टाकून बघायला लागली, कारण काका खाली येतच नसत. दूध, औषध, जे काही लागेल ते दाराच्या कडीला पिशवी अडकवून मागवायचे आणि आणणारा जिना उतरून जाईपर्यंत दार उघडायचे नाहीत. जिन्यात कोणी मोठ्याने बोललं की आतून काठी आपटायचे. मी त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहते. मिक्सर लावला तरी काठी. गल्लीत त्यांना पाठीमागे जमदग्नी म्हणत. तोंडावर म्हणायला तोंड दिसायला तरी हवं होतं!

ते माझ्या गाडीशी येऊन वाकले. डोळे लाल झाले होते.

"तो बसलेला दिसला नाही तुला?"

"दिसला होता. म्हणूनच थांबवली ना गाडी."

"मग उशीर का केलास?"

"उशीर नाही केला. भरपूर अंतर होतं."

"अंतर!" ते म्हणाले. "थांब म्हटलं की थांबायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर बघायचं. बाकी काही शिकवू नकोस त्यांना, एवढं शिकव."

बोलताना ते माझ्याकडे बघतच नव्हते, मागच्या धारवाल्याकडे बघत होते. रागाने बघत नाहीत असंच मी तेव्हा धरून चालले. ते गेल्यावर माझ्या बाईंनी हळूच विचारलं, "पोलिसात होते का हो?" मी म्हटलं, "नाही, बंदरात क्रेन चालवायचे." त्यापलीकडे गल्लीत कोणालाच काही माहीत नव्हतं. आयुष्यभर उंच काचेच्या खोलीत एकटा बसलेला माणूस, त्याला खालच्यांशी बोलायची सवय राहिली नसेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टेलरताई राहते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. तिची आई मात्र दोघींच्या वाटचं बोलते. टेलरताई भाजी घ्यायला दोरीने टोपली खाली सोडते. अडचण अशी, की खालच्या दुकानदाराने पत्र्याची पडवी चांगली पुढे काढली आहे. टोपली पत्र्याच्या कडेखाली गेली की तिला वरून दिसत नाही, आणि भाजीवाला "ओढा, ओढा" म्हणून घसा फोडतो ते ऐकू येत नाही. मग ती अंदाजाने ओढायची. कधी रिकामीच टोपली वर जायची, कधी पत्र्याला अडकून टोमॅटो रस्ताभर. भाजीवाला कपाळाला हात लावायचा.

त्या भांडणानंतर काकांची खिडकी उघडी दिसायला लागली. माझ्यावर नजर ठेवायला असेल, मला आणखी चीड आली. एका सकाळी मी गाडी पुसत होते, तर खिडकीतून एक हात बाहेर आलेला. बोट खाली रोखलेलं आणि बारीक गोल फिरतंय. समोर टेलरताई त्या बोटाकडे टक लावून दोरी सोडत होती. मग हात आडवा झाला, पंजा पालथा. दोरी थांबली. भाजीवाल्याने वांगी भरली. बोट वर फिरलं, दुसरा पंजा त्याच्यावर धरलेला, म्हणजे हळू. टोपली पत्र्याच्या कडेला न लागता अलगद वर गेली. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. हात जोडून वगैरे आभार नाहीत. खिडकी बंद.

मग हे रोजचं झालं. टेलरताईच्या आईला, म्हणजे आमच्या आजींना, मोठी गंमत वाटायची. "आमचा वाहतूक पोलीस ड्युटीवर आला बरं का," असं त्या गॅलरीतून गल्लीला ऐकवायच्या. काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण खिडकी उघडायचे.

बिघडलं ते एका शर्टावरून. काकांची बाही कोपरापाशी फाटलेली होती. टेलरताईने खुणेने सांगितलं, शर्ट काढा, कोणाच्या तरी हातून टोपलीत पाठवा, शिवून देते. माणसाने हसून नाही म्हणावं. काकांनी खिडकी आपटली ती पुढे कितीतरी दिवस उघडलीच नाही. ती बिचारी दोरी हातात घेऊन त्या बंद तावदानांकडे बघत उभी राहायची. भाजीवाला खालून हातवारे करायचा, पण ते पडवीखाली कोणाला दिसणार? एके दिवशी टोपली पत्र्याच्या कडेला अडकली, तिने झटका दिला, दोरी तुटली आणि टोपली भाजीवाल्याच्या खांद्यावर आदळली. फार लागलं नाही. पण तो चिडला आणि म्हणाला, उद्यापासून मी या गल्लीत येत नाही.

मी तडक वर गेले आणि काकांचं दार बडवलं. आतून काठी आपटली. मी आणखी जोरात बडवलं.

"आपटा काठी! सगळं घर पाडा! ती मुलगी तुमच्या भरवशावर दोरी सोडत होती. भरवसा द्यायचा नव्हता तर खिडकी उघडायची कशाला?"

दार उघडलं. फटीतून अर्धा चेहरा.

"कोणाला लागलं?"

"खांद्याला. भाजीवाल्याला. बरा आहे तो."

ते दाराला धरून खाली बसले. उंबऱ्यातच. मला काय करावं कळेना, मीही समोर जिन्यावर बसले. आणि त्यांनी सांगितलं.

क्रेनवर बसलेल्याला खालचं नीट दिसत नाही. खाली त्याचा एकच खुणा देणारा असतो आणि त्या एकाच्याच खुणा पाळायच्या, दहा जण ओरडले तरी. फक्त 'थांब' ही खूण वेगळी. ती कोणीही दिली तरी पाळायची, हमालाने दिली तरी, रस्त्याने जाणाऱ्याने दिली तरी. काकांचा खुणा देणारा त्यांचा जिवलग होता, एका ताटात जेवणारा. एका दुपारी ओझं खाली घेताना गोदामापाशी एक कारकून दोन्ही हात पसरून उभा राहिला. हा कारकून रोजच काहीतरी खोडा घालायचा. काकांना वाटलं, ह्याला काय कळतं. मित्र खाली घे म्हणत होता, काकांनी खाली घेतलं. साखळी तुटताना कारकुनाला दिसली होती. मित्राच्या ती पाठीमागे होती. ओझं त्याच्याच अंगावर कोसळलं.

"चौकशीत मी सुटलो," काका म्हणाले. "साखळी जुनी होती, दोष साखळीचा. सगळे म्हणाले, तुझी काही चूक नाही. त्याची बायकोही म्हणाली. ते ऐकवेना म्हणून दार लावून घेतलं."

मला त्यांची कणव आली आणि रागही आला. मी म्हटलं, "शर्ट द्या इकडे." त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली, आणि शर्ट शिवून झाल्यावर मीच पोहोचवला. भाजीवाल्याला आजींनी गॅलरीतून असं काही गोड बोलून घेतलं की तो आला. माझा मिक्सर लावला की काठी वाजत राहिली, पण आता एकदाच.

पुढे समोरच्या इमारतीचा जिना फोडायला घेतला. पायऱ्या पार पोखरल्या होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधला भाग काढून टाकला आणि जाण्यायेण्यासाठी एक लोखंडी शिडी लावली. सिमेंट, वाळू वर चढवायला गच्चीवर तुळई बसवून कप्पी टाकली आणि खाली पत्र्याच्या पडवीत दोर ओढायचं मोटरचं विंच ठेवलं. शिडीवरून टेलरताई सहज उतरायची. आजींचा प्रश्नच नव्हता, त्यांचं शरीर जड आणि त्या घरातल्या घरात चालायच्या तेही भिंत धरून.

नेमक्या त्याच दिवसांत आजी न्हाणीघरात पडल्या.

अॅम्ब्युलन्सची माणसं शिडीवरून वर गेली आणि एक जण घामाघूम होऊन खाली आला. खुब्याचं हाड मोडलंय, आत रक्त जातंय, नाडी क्षीण होत चाललीय. स्ट्रेचर शिडीवरून उतरवता येत नाही. अग्निशमनवाल्यांची शिडीची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, ती आत येईना. मी शिकाऊ लोकांच्या बेसुमार गाड्या गल्लीतून काढल्या आहेत. ती गाडी निघणार नाही हे मला बघताच कळलं.

"विंच आहे की," कोणीतरी म्हणालं.

मुकादम म्हणाला, "त्यावर माणूस चढवत नाहीत. आणि चालवणारा तापाने घरी आहे."

अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, "थांबायला वेळ नाही हो. या बाई जातील."

मी वर बघितलं. काका खिडकीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना 'या' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ते दिसेनासे झाले आणि मला वाटलं, आता खिडकी बंद होणार. तर ते खाली आले.

त्यांनी विंचचा ब्रेक ओढून बघितला, दोर हाताने तपासला, पुढे कप्पीपर्यंत नजरेने. दोनदा. मग विंचच्या स्टुलावर बसले आणि वाकून वर बघितलं. पत्र्याखालून समोरच्या भिंतीचा एक तुकडा दिसत होता आणि त्यात एकच खिडकी, त्यांची स्वतःची.

"खुणा मी देतो," मुकादम म्हणाला.

"नको. तुम्ही लोक ओरडता. ती देईल." त्यांनी टेलरताईकडे बोट दाखवलं. ती शिडीवरून नुकतीच उतरली होती, रडून डोळे सुजलेले.

"अहो, तिला ऐकू येत नाही!"

"म्हणूनच. इथे पन्नास जण ओरडणार. ती एकटीच काय ते नीट बघेल."

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि आपली खिडकी दाखवली. ती धावत सुटली. त्या घरात तोवर कोणीच गेलं नव्हतं, मीही उंबऱ्याच्या आत नाही.

वर स्ट्रेचर पट्ट्यांनी आवळून दोराला बांधलं. आजींना चादरीत गुंडाळलं होतं. खिडकीत टेलरताई उभी राहिली, बोट खाली रोखलं, दुसरा पंजा त्यावर धरला. मोटर घुरघुरली. स्ट्रेचर गॅलरीच्या कठड्यावरून सुटलं आणि हवेत आलं. गल्ली ओरडायला लागली. हळू, डावीकडे, अरे सांभाळा! काकांची मान वळली नाही. बोट फिरत होतं, दोर सुटत होता. दुसरा मजला गेला. पहिला आला.

मी बाजूला, दुकानाच्या कोपऱ्याशी उभी होते. तिथून मला चादरीच्या खालची बाजू दिसत होती. पायाकडच्या पट्टीचं लोंबणारं टोक पडवीच्या लोखंडी कडेत अडकलं होतं. मध्ये स्ट्रेचर होतं, त्यामुळे खिडकीतून ते दिसणं शक्य नव्हतं. दोर आणखी सुटला असता तर पाय अडकून राहिले असते आणि आजी डोक्याकडून खाली आल्या असत्या.

ओरडून उपयोग नव्हता, पन्नासात एक्कावन्नावी. मी पळत विंचसमोर गेले आणि दोन्ही हात पसरले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावरून खिडकीकडे. तिथे तिचं बोट अजून खालीच फिरत होतं, तिच्या आईसाठी, आणि ती चुकत नव्हती, तिला दिसत होतं तेवढं बरोबरच होतं. काकांचं तोंड पांढरं पडलं. मी हात खाली घेतले नाहीत. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी ब्रेक ओढला.

मोटर थांबली तशी गल्लीही गप्प झाली. "पट्टी!" मी म्हटलं, "पत्र्याला पट्टी अडकलीय!" एका गवंड्याने बांबूने ती ढकलून सोडवली. स्ट्रेचर थोडं हललं आणि सरळ झालं. चादरीतून आजींचा आवाज आला, "अगं बाई, लाल दिवा लागला वाटतं." सगळे हसले, मी रडले. काकांनी पुन्हा खिडकीकडे बघितलं, बोट फिरलं आणि आजी जमिनीला टेकल्या.

आजी पुढे बऱ्या झाल्या. काठी टेकत चालतात आणि अजून दोघींच्या वाटचं बोलतात. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं. स्ट्रेचर अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं, टेलरताई धावत येऊन आईच्या शेजारी बसली. अॅम्ब्युलन्सवाल्याने तिला वय विचारलं, औषधं विचारली. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"हिला समजावून सांगणारं कोणी आहे का?" त्याने आम्हा सगळ्यांना विचारलं. "डॉक्टर विचारतील, सह्या लागतील. घरचं कोणी?"

कोणी नव्हतं.

काका अजून स्टुलावर बसले होते, हात ब्रेकवरच. ते उठले. माझ्याजवळून जाताना थांबले, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पुढे गेले. टेलरताईने आतून हात पुढे केला.

"आजोबा, तुम्ही यांचे कोण?" अॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं.

एवढी वर्षं त्यांना हे कोणी विचारलं नसणार.

"शेजारी," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून आत चढले.