उत्तर येईपर्यंत हाताला काम

तांडेल सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अंधेरीच्या अंतराळ केंद्रात, नियंत्रणकक्षाच्या कोपऱ्यात मासेमारीचं जाळं दुरुस्त करताना. मी नोकरीत नवी. कोणाचे तरी नातेवाईक असतील असं वाटून विचारलं, "काका, कोणाला भेटायचंय?"

"यानाला," ते म्हणाले. "पाऊण तासात बोलेल. बस ना."

वेसाव्याच्या कोळीवाड्यात वाढलेले सर आमचे प्रमुख होते. दूरच्या यानाला आदेश पोचून उत्तर यायला पाऊण तास लागायचा. तोवर दुसरा आदेश पाठवायचा नाही, हा त्यांचा नियम. "होडी येईपर्यंत आई किनाऱ्यावर जाळं विणत बसायची. हात रिकामे राहिले की नको ते सुचतं," असं ते सांगत.

मला ते सुचलंच. एके दिवशी यानाची इंधनाची नळी गारठत होती. गोठली असती, तर यान कायमचं हातचं गेलं असतं. हीटर चालू करायचा आदेश मी पाठवला. दहा मिनिटांनी धीर सुटला, म्हणून पुन्हा तोच पाठवला. पाऊण तासाने उत्तर आलं: हीटर चालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तेव्हा आठवलं. तो आदेश विजेच्या खटक्यासारखा होता. एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद.

टाळ्या चालू असतानाच मी सरांजवळ गेले. "सर, मी दोनदा पाठवलाय. आता बंद होणार."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर आम्ही यानातच बिघाड शोधत बसलो असतो. जेवलीस का?"

"नाही."

"मग बिघाड सापडला!"

दहा मिनिटांनी 'हीटर बंद' असं उत्तर आलं. "आता तूच पाठव. एकदाच," म्हणत त्यांनी आपला डबा पुढे सरकवला आणि जेवण झाल्यावर जाळं माझ्या मांडीवर ठेवलं. मी चुकीच्या गाठी मारत होते, ते निमूट सोडवत होते. शेवटी उत्तर आलं: हीटर चालू. नळी वाचली होती. अहवालात सरांनी लिहिलं, 'चालू आणि बंद यांना वेगळे आदेश हवे होते. ही माझी चूक.'

आज माझ्या हाताखाली नवी मुलं आहेत. त्यांच्यावर आवाज चढू लागला की मला तो डबा आठवतो.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि खूप मोठं आयुष्य लाभो. सर, हे मागणं पुन्हा पुन्हा पाठवायचा मोह होतोय. पण एकदाच पाठवते, आणि जाळं घेऊन बसते.