करुणा मॅडमच्या दोन स्लाइड

करुणा तांबे मॅडम आम्हाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवायच्या. त्यांचं गाव हातखंब्याच्या पलीकडे, वडील प्राथमिक शिक्षक. रत्नागिरीतल्या एका इस्पितळात सोळा वर्षं वॉर्ड सांभाळून त्या शिकवायला आल्या, पण वॉर्डाची सवय काही सुटली नव्हती. वर्गात खुर्चीवर बसणं त्यांना जमायचंच नाही. बाकांमधून फिरत शिकवायच्या आणि बोलता बोलता कुणाच्याही मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायच्या.

त्या वर्षी लिंफोमाच्या चाचणीत आम्हा तीस जणींपैकी चोवीस जणी नापास झालो. लिंफोमा म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये सुरू होणारा कर्करोग आणि त्याचे दोन मोठे गट, हॉजकिन नि नॉन-हॉजकिन, इतपत सगळ्यांनी लिहिलं होतं. पुढे मात्र एकाचं वर्णन दुसऱ्याच्या नावावर गेलं. दाभोळची मासूमा, आमच्यातली सगळ्यात अबोल मुलगी, तिला दहापैकी दोन मिळाले.

मॅडम रागावल्या नाहीत. पेपर वाटून झाल्यावर म्हणाल्या, "चूक तुमची नाही. हॉजकिन ज्यावरून ओळखतात ती रीड-स्टर्नबर्ग पेशी मी अकरा वर्षं फळ्यावर काढत्ये. खरी मी स्वतः कधी बघितलेली नाही."

त्याच दुपारी त्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी शिकवण्यासाठी ठेवलेल्या, रुग्णाचं नाव-गाव नसलेल्या दोन स्लाइड, म्हणजे गाठींचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या, द्यायचं कबूल केलं आणि शनिवारची सकाळ ठरली. शनिवारी मॅडम आमच्याही आधी लॅबच्या दारात हजर होत्या. हातात नवीन वही, आणि चेहरा असा, की जणू परीक्षा त्यांचीच आहे.

लॅबमधले जुने तंत्रज्ञ जैनुद्दीन चाचा यांनी पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि आधीच सांगून ठेवलं की घाई करू नका. हॉजकिनच्या गाठीत बहुतेक पेशी साध्याच असतात, शरीरानेच तिथे गोळा केलेल्या. कर्करोगाची खरी पेशी त्या गर्दीत शंभरात एखादी.

मॅडमनी वीस मिनिटं शोधलं. मग आम्ही एकेक करून डोळा लावला. दोनदा कुणीतरी सापडली म्हणून ओरडलं आणि दोन्ही वेळा चाचांनी बघून नकारार्थी मान हलवली. तास उलटला तरी रांग मोडेना. जी बघून बाजूला व्हायची ती परत शेवटी जाऊन उभी राहायची.

मासूमाची पाळी आली. आम्ही सगळ्यांनी स्लाइड हवी तशी फिरवली होती. तिने ती एका टोकाला नेली आणि तिथून ओळीने सरकवायला लागली, एक पट्टा संपला की त्याच्या खालचा. मग तिचा हात थांबला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "दोन डोळे आहेत. माझ्याकडेच बघतायत."

मॅडमनी डोळा लावला. आजूबाजूच्या पेशींच्या कितीतरी पट मोठी एक पेशी, तिच्यात शेजारी शेजारी दोन केंद्रकं आणि प्रत्येकात एक ठळक लालसर ठिपका. अगदी घुबडाचं तोंड. चाचांनी पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर बघून एवढंच म्हणाले, "हीच." मॅडमनी मासूमाचे दोन्ही हात धरले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

दुसरी स्लाइड नॉन-हॉजकिनची, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकाराची. तिथे शोधायचं काही नव्हतंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या मोठ्या, बिघडलेल्या पेशी. कालपर्यंत फळ्यावरचा जो फरक डोक्यात शिरत नव्हता, तो एका नजरेत कळला.

परतताना मॅडम जिन्यातच थांबल्या आणि तिथेच पुढचा धडा सुरू झाला. हॉजकिन बहुतेक वेळा मानेत किंवा छातीत सुरू होतो आणि एका ग्रंथीतून लगतच्या ग्रंथीत, असा क्रमाने पसरतो. तरुणांमध्ये आणि मग पुन्हा उतारवयात जास्त दिसतो. नॉन-हॉजकिन हा एक आजार नाहीच, त्यात अनेक प्रकार. काही वर्षानुवर्षं संथ, काही आठवड्यांत वाढणारे. ते मधल्या ग्रंथी सोडून लांब उडी मारतात, पोटातही सुरू होऊ शकतात. ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं दोन्हींत असतं, तेव्हा नुसत्या लक्षणांवरून आजाराचं नाव ठरवायचं नाही. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काही ठरत नाही. वर-खाली जाणारी माणसं आमच्यातून वाट काढत होती. मॅडमना त्याचं भान नव्हतं.

पंधरा दिवसांनी वॉर्डात ज्ञानेश्वरी नावाची एकवीस वर्षांची मुलगी आली. मानेतली गाठ टीबीची समजून तिने चार महिने काढले होते. तपासणीत हॉजकिन निघाला. तिची आई तुळसा कॉटला धरून बसली होती. वाडीतला एक म्हातारा याच रोगाने गेला, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"डॉक्टरांनी त्याला पण लिंफोमाच सांगितलानी होता," ती म्हणाली. "चार महिन्यांत गेला तो."

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. मासूमा आपणहून पुढे झाली आणि तुळसाच्या शेजारी बसली.

"मावशी, नाव तेच, पण आजार वेगळा असू शकतो," ती म्हणाली. "त्यांना कुठला होता ते मला माहीत नाही. हिला जो आहे, त्यातली बरीच माणसं उपचारांनी बरी होतात. औषधं मात्र एकही चुकवायची नाहीत."

तुळसाने हेच तिला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ज्ञानेश्वरीच हसली.

केमोथेरपीसाठी मायलेकी सहा महिने मुंबईला जाऊन येऊन होत्या. शेवटच्या स्कॅनमध्ये काही उरलेलं दिसलं नाही. त्या दिवशी ज्ञानेश्वरीने मॅडमना फोन केला, तेव्हा आमचा तास चालू होता. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता सावकाश, पहिल्यापासून सांग. सगळ्या ऐकतायत."