पाठवणीचा आवाज

झारकेंत गावात गेल्या तीस वर्षांत जेवढ्या उइगुर मुलींची लग्नं झाली, त्या सगळ्यांची पाठवणी सैपिदीनच्या गिटारवर झाली. यात अतिशयोक्ती असलीच तर दोन-चार मुलींची. नवऱ्याकडची माणसं मुलीला न्यायला यायची, आई तिच्या खांद्यांवर शाल टाकायची आणि सैपिदीन पाठवणीचं गाणं सुरू करायचा. तोवर पोलोच्या, म्हणजे मटण-पुलावाच्या, ताटावर तुटून पडलेले काका-मामासुद्धा मग खिशात रुमाल शोधायला लागायचे. त्या आवाजात ओलावा होता. मुलीला निरोप देताना बापाला जे बोलता येत नाही ते सैपिदीनची गिटार बोलते, असं बायका म्हणत.

आता खरं सांगायचं तर निम्मं श्रेय त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचं होतं. सामुदायिक शेताचं सांस्कृतिक भवन बंद पडलं तेव्हा हा भंगारात निघालेला. दोघांनी मिळून उचलायचा, काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झाल्याशिवाय तोंडातून शब्द न काढणारा. सैपिदीनने तो बायकोच्या शिव्या खात घरी आणला, आणि पुढे त्याच बायकोने, रिझवानगुलने, त्याला जाड कापडाची खोळ शिवली.

परवाच्या उन्हाळ्यात इलशातने त्या आवाजाचं रेकॉर्डिंग करून घेतलं. इलशात म्हणजे सैपिदीन ज्या बँडमध्ये वाजवतो त्याचा मालक, गातो आणि कीबोर्ड वाजवतो. गिटारचे चार सूर त्याला सैपिदीनच्याच ओसरीवर बसून शिकायला मिळाले होते. "उस्ताज, एकेक स्वर सुटा वाजवा. आठवण म्हणून ठेवतो," असं तो म्हणाला. सैपिदीन दोन तास एकेक स्वर वाजवत बसला होता. मधेमधे साय घातलेला खारा चहा पीत होता आणि हसत होता, "अरे, मी मेलोय का आठवणी काढायला!"

त्याच वर्षी शरदात अ‍ॅम्प्लिफायर जळला. आतून धूर आला, वास आला, संपलं. आतला ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळून देईना, व्हॉल्व्ह कुठे मिळेनात. शिवाय लग्नाच्या नव्या हॉलांचे मालक आधीपासूनच कुरकुरत होते की स्टेजवर एवढं धूड नको. मग इलशात अल्माटीहून एक डिजिटल यंत्र घेऊन आला. पायाशी ठेवायचं, भट्टीत समोसे भाजायच्या ट्रेएवढं, त्याला छोटा पडदा. आत म्हणे जगातल्या साठ नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला.

"यात तुमचाही सापडेल, उस्ताज," इलशात म्हणाला.

"साठ बायका दाखवून म्हणतोस, यात तुझीही असेल," सैपिदीन म्हणाला. पण यंत्र त्याने ठेवून घेतलं.

कारण होतं. त्याची धाकटी झुल्फिया, तीन मुलग्यांच्या पाठीवर झालेली एकुलती मुलगी, येत्या मे महिन्यात सासरी जाणार होती. बारा वर्षांची असताना कुणाच्या तरी लग्नात स्टेजखाली उभी राहून ती रडली होती आणि घरी येऊन बापाला म्हणाली होती, "दादा, माझ्या वेळी हेच वाजवायचं. असंच." बाप "हो" म्हणाला होता. परक्या घरच्या शेकडो मुलींना त्याने तो आवाज दिला. स्वतःच्या मुलीच्या वेळी नसेल तर तीस वर्षं त्याने काय केलं?

पहिल्याच लग्नात फजिती झाली. स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारं एक बटण असतं, ते चालू करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळ्या हॉलभर पत्र्याच्या डब्यात डास कोंडल्यासारखा आवाज झाला. मग त्याने यंत्राचा ध्यासच घेतला. रशियन भाषेतले व्हिडिओ पाहिले, वही केली. यंत्रातली कुठली पेटी, कुठला माइक, माइक पेटीपासून किती बोटं दूर, सगळं लिहून काढलं. सकाळी नान-चहा झाला की हेडफोन लावून बसायचा तो थेट लगमानच्या शेवया पानात पडेपर्यंत. रिझवानगुल पीठ ओढता ओढता विचारायची, "सापडला का हो?"

"जवळ आलोय."

"काल पण जवळच होता. बाई असती तर आत्तापर्यंत घरात आली असती."

घरी हेडफोनमध्ये जुळवलेला आवाज हॉलमध्ये नेला की बिघडायचा. इलशातने सांगितलं की हळू आवाजात जुळवलेलं मोठ्या आवाजात टिकत नाही, हॉलमध्ये उभं राहूनच जुळवा. म्हणून सैपिदीन सकाळी रिकाम्या हॉलमध्ये जाऊन जुळवू लागला. पण त्याला आवाज नेहमी मंदच वाटायचा, घोंगडी पांघरल्यासारखा. मग तो ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, वाढवायचा. पुढच्या लग्नात परत मंद. परत थोडा वाढवायचा. यंत्रात काहीतरी कमी आहे, अशी त्याची खात्री झाली होती.

यंत्रात काही कमी नव्हतं. तीस वर्षं ढोल-नगारे आणि स्पीकर यांच्या मधोमध उभं राहून सैपिदीनच्या कानांतून वरचे, बारीक आवाज गेले होते. चिमण्या ऐकू येत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं; त्याला वाटायचं, हल्ली चिमण्याच कमी झाल्यात. त्याला जे मंद वाटायचं ते बाकीच्यांच्या कानात सुईसारखं घुसायचं. पण हे त्याला सांगणार कोण? आमच्याकडे उस्ताजच्या तोंडावर त्याची चूक काढत नाहीत. प्रत्येक लग्नाआधी इलशात त्याच्यापुढे दोन्ही तळवे पसरून उभा राहायचा, सैपिदीन दुवा द्यायचा, सगळे चेहऱ्यावरून हात फिरवायचे. त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणायचं की तुमचं वाजवणं ऐकवत नाही?

"कसं होतं रे आज?" तो विचारायचा.

"झकास, उस्ताज," ध्वनिव्यवस्था पाहणारा दिलमुरात म्हणायचा आणि वायर गुंडाळायला खाली वाकायचा.

नव्या वर्षापासून दिलमुरातने एक स्पीकर खास उस्ताजच्या पायाशी ठेवायला सुरुवात केली. "तुमचं तुम्हाला नीट ऐकू यायला," तो म्हणाला. सैपिदीनला बरं वाटलं. पोरं काळजी घेतात, असं त्याने घरी येऊन सांगितलंही.

मे महिना आला. झुल्फियाच्या लग्नाला हॉल दुपारी बारालाच भरला. मुलीच्या बापाने दाराशी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं सोडून स्टेजवर चढायचं म्हणजे काय, असं मोहल्ल्याचा कारभारी चारचौघांत फणकारला.

"बाप उद्या होईन," सैपिदीन म्हणाला. "आज वाजवू दे."

आदल्या दिवशी तीन तास बसून त्याने आवाज जुळवला होता. ट्रेबल जवळजवळ टोकाला. त्याला वाटत होतं, आता आलाय, अगदी तोच नाही, पण आलाय. इलशातने तळवे पसरले. सैपिदीन दुवा देत असताना इलशातने मान जरा जास्तच खाली घातली.

नवऱ्याकडची माणसं आली. रिझवानगुलने मुलीच्या खांद्यांवर शाल टाकली. झुल्फियाने स्टेजकडे पाहिलं आणि सैपिदीनने गाणं सुरू केलं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढतो, तिथे त्याने पातळ तार ओढली आणि ती तटकन तुटली.

त्याचा हात थांबला. पायाशी असलेला स्पीकर गप्प झाला.

गिटार मात्र चालूच राहिली.

मोठ्या स्पीकरांतून, हॉलभर. ओली, भरलेली, जळून गेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. इलशातचा उजवा हात कीबोर्डवर सूर चढवत होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. सैपिदीनला ओसरीवरचा तो उन्हाळा आठवला, चहा आठवला, एकेक सुटा स्वर आठवला. मागे दिलमुरात मिक्सरवर वाकून बसला होता, वर बघत नव्हता. कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

खाली बायका रडत होत्या. रिझवानगुल रडत होती. झुल्फिया शालीत तोंड खुपसून रडत होती, आणि मधेच तिने मान वर करून बापाकडे पाहिलं.

सैपिदीनने बोटं हलवायला सुरुवात केली. तुटलेली तार लोंबत होती, ती त्याने मनगटाखाली दाबली आणि उरलेल्या तारांवर न दाबता बोटं फिरवत राहिला, सूर चढला की मान मागे टाकत, तीस वर्षं टाकत आला होता तशीच. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाणं संपायला अजून तीन कडवी होती.

संपल्यावर तो पडद्यामागे गेला. इलशात मागोमाग आला.

"केव्हापासून?" सैपिदीनने विचारलं.

"नव्या वर्षापासून. उस्ताज, एका लग्नात म्हाताऱ्या बायका उठून बाहेर गेल्या होत्या. कानाला सहन होत नव्हतं. सांगायला जीभच रेटली नाही माझी."

"मला मंद वाटतं रे. आजही मंदच वाटत होतं."

इलशात म्हणाला, "पण हॉलमध्ये लागतो तो आवाज तुमचाच आहे. ओसरीवर घेतलेले तुमचे सूर कीबोर्डमध्ये भरलेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत."

"माझा आहे ना? मग मी कशाला उभा असतो तिथे?"

"लोकांना तुम्ही दिसायला हवे असता, उस्ताज."

त्याला ओरडायचं होतं, कीबोर्ड उचलून आपटायचा होता. पण दार उघडलं आणि झुल्फिया आत आली. डोळे सुजलेले, शाल घसरलेली, मागे वरातीच्या बायका घाई करत होत्या. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

"दादा, सापडला की हो! अगदी तोच. मला वाटलं होतं नाही सापडणार. सगळा हिवाळा तुम्ही..."

सैपिदीनने इलशातकडे पाहिलं. इलशात भिंतीकडे पाहत होता.

"हो पोरी," सैपिदीन म्हणाला. "सापडला."

ती गेली. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. त्यातले जाड हॉर्न त्याला ऐकू आले, बारीक आले नाहीत. आता कुठला आवाज गेलाय हे त्याला कळत होतं, आणि तो कुठल्याच यंत्रात मिळणार नव्हता. हॉल रिकामा होऊ लागला. दिलमुरात वायरी गुंडाळत होता. इलशात बराच वेळ घुटमळला, मग हळूच म्हणाला, "शनिवारी पेंजीम गावात लग्न आहे. गाडी पाठवू का, उस्ताज?"

सैपिदीन खाली बसून गिटार पिशवीत घालत होता. तुटलेली तार त्याने तशीच राहू दिली.

"पाठव," तो म्हणाला. "पायाशी तो स्पीकर तेवढा ठेवू नका."