माझं तोंड, माझा मावा

फौंड्रीत ज्यानं हाडं झिजवलीत त्याला विचारा, शेडच्या मागं जळक्या वाळूचा ढीग बघता बघता केवढा होतो ते. किस्सेही तसेच साचतात. फरक एवढाच, की वाळू न्यायला डंपर येतो. किस्से आपल्याच डोक्यात पडून राहतात! रिटायर झाल्यापासून मी राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर बसतो आणि सापडेल त्याला पकडून ते ऐकवतो. आज तुम्ही सापडलात.

आमची फौंड्री शिरोली एमआयडीसीत. मी सुपरवायझर. भट्टीवर दादू, गडहिंग्लजकडचा गडी. लोखंड वितळून तयार झालं की सगळ्यांना सावध करायला तो ओरडायचा, "मेटल आलंऽऽ!" काय आवाज होता हो! गेटवरचा वॉचमनसुद्धा दचकायचा. साच्यांवर इस्माईलभाई. हा माणूस चहाही पीत नव्हता. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि एकमेकांशी दिवसभर भांडण. भांडणाचं कारण एकच, दादूचा मावा. सुपारी, तंबाखू, चुना. चोळला की गालात, आणि गालातला निघायचा तो जेवणाच्या सुट्टीतच.

* * *

एचआरच्या कांबळे साहेबांनी गेटवर खिसे तपासायला सुरुवात केली. दादूचे खिसे रोज रिकामे आणि गाल रोज भरलेला! साहेब पार चक्रावले.

मग आली खंडेनवमी. भट्टीला हार घातला, नारळ ठेवला. साहेब म्हणाले, "आरती आहे, हेल्मेटं काढा." सगळ्यांनी काढली, दादू काढेना. इस्माईलभाईनं मागून हात घालून हेल्मेट उचललं, तर माव्याची पुडी टपकन नारळाशेजारी पडली.

"दादू, हा कसला नैवेद्य?"

"भट्टीचा हाय साहेब. तिलाबी सवय लागलीया!"

हसून हसून साहेबांच्या हातातलं तबक हलायला लागलं. त्या वर्षीची आरती काही धड झाली नाही.

* * *

एकदा कॅन्टीनमध्ये साहेबांनी माव्यावर भाषण ठोकलं. दादू उभा राहिला. "माझं तोंड, माझा मावा! बायकूचं ऐकलं न्हाय, तुमचं काय ऐकू?"

इस्माईलभाई उसळला. "तोंड तुझं, पण विम्याचा हप्ता समद्यांच्या पगारातनं कापत्यात. उद्या तू दवाखान्यात पडलास की हप्ता वाढणार. खाणार तू, भरणार मी? ह्यो कुठला न्याय?"

खरं होतं. पण दादू गप्प बसतोय होय? सव्वीस जानेवारीला, कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं, कंपनीत जिलबी आली. साहेबांना शुगर. दादू त्यांच्या बशीकडं बघत राहिला. साहेबांनी बशी बाजूला सारली. "मी सोडली जिलबी. आता तू मावा सोड."

"मी कुठं सोडा म्हटलं?" दादूनं बशी पुन्हा त्यांच्यापुढं सरकवली. "तुमचं तोंड, तुमची जिलबी. खावा की!"

साहेबांनी खाल्ली. दोन घेतल्या.

* * *

शेवटी वहिनींनीच, म्हणजे दादूच्या बायकोनं, त्याला जोतिबाच्या डोंगरावर नेलं आणि शपथ घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी गडी पेढे वाटत आला. आम्हाला केवढा आनंद झाला! दुपारी बघतो तर गाल फुगलेला.

"अरे, जोतिबाची शपथ घेतलीस ना?"

"घेतलीया की. इकत घेणार न्हाय म्हणून! मागून खायाला देवाची काय हरकत हाय?"

मग अख्खं डिपार्टमेंट त्याला चिमूट चिमूट पुरवायचं. त्याला नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही, असा लाघवी माणूस. इस्माईलभाईपुढं तेवढा त्यानं कधी हात पसरला नाही.

* * *

आखाडात आमची शेतावर मटणाची पार्टी असायची. तांबडा रस्सा दादू वाट्यांवर वाट्या प्यायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा वाटी पुढं करायचा. एका वर्षी त्यानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"लई तिखट केलंय रं."

आम्ही हसून लोळलो. तांबडा आणि दादूला तिखट! आचाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

इस्माईलभाई तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दादूला गाडीवर घातलं आणि इथंच, राजारामपुरीत, दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "तोंड किती उघडतंय बघू, तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दादूचं एकच बोट गेलं. इस्माईलभाईनं लगेच स्वतःची घालून बघितली. तीनही गेली. मग तो बाहेर जाऊन पायरीवर बसून रडला. हे मला दादूनं सांगितलं, इस्माईलभाई कधीच सांगणार नाही.

गालात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. विमा होता म्हणून झालं. पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता वाढला. साहेबांनी कॅन्टीनमध्ये तसं सांगितलं आणि आम्ही सगळे इस्माईलभाईकडं बघायला लागलो. तो म्हणाला, "भाकरी गार व्हायल्या. जेवा गप."

* * *

दादू कामावर परतला, पण तोंड पुरतं उघडेना, त्यामुळं तो मोठा आवाज गेला होता. बोलला तर जवळच्यालाच कळायचं. लोखंड तयार झालं की तो नुसता हात वर करायचा आणि साच्यांवरून इस्माईलभाई ओरडायचा, "मेटल आलंऽऽ!" किरटा आवाज, कोंबडा आरवल्यासारखा. पोरं हसायची. दादूही हसायचा.

आता तिथं भोंगा बसवलाय म्हणे. बसवू द्यात. मला अजून दादूचाच आवाज ऐकू येतो.

* * *

इस्माईलभाई रिटायर झाला तेव्हा त्यानं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. पंगत बसली. मटण आलं, भाकरी आली, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आला. दादू भिंतीला टेकून बसला होता. ऑपरेशननंतर तिखट सोसेना, म्हणून घरी भाकरी दुधात कुस्करून खायचा, पंगतीला तर त्यानं येणंच सोडलं होतं. इस्माईलभाईनं त्याला गाडीवर बसवूनच आणला होता.

आम्ही वाट बघतोय, तांबडा काही येईना. "भाई, तांबडा कुठाय?" एक ओरडला. दुसरा म्हणाला, "कोल्हापुरात मटणाची पंगत आणि तांबडा न्हाय? पावण्यांची चेष्टा लावलीया व्हय!"

कांबळे साहेब हळूच म्हणाले, "भाई, विसरलात काय?"

"इसरलो न्हाय. केलाच न्हाय."

"पण का?"

इस्माईलभाई कमरेवर हात ठेवून पंगतीच्या मधोमध उभा राहिला. "माझं घर, माझं पातेलं!"

भिंतीकडून दादूची वाटी पांढऱ्यासाठी पुढं आली.

"वाढ की मग," तो म्हणाला. "काठोकाठ."